रोग्याच्या औषधाला आडकाठी कशाला?

गांजाचे नाव काढताच सभ्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे चिलीम उभी राहते, रुग्णशय्या उभी राहत नाही. या समजुतीचे मोल ज्यांना भरावे लागते त्यांत कर्करोगाने जर्जर झालेले वृद्ध आहेत, तशीच अपस्माराच्या झटक्यांनी तडफडणारी बालकेही आहेत. कोकणातून व सीमाभागातून उपचारासाठी कोल्हापूर गाठणाऱ्या अशा रुग्णांना नशा नको, घटकाभर आराम हवा आहे. व्यसन आणि औषध यांतील भेद शासनाने ओळखावा, एवढेच आमचे त्यांच्या वतीने मागणे आहे.

हा भेद आपणांस नवा नाही. आयुर्वेद या वनस्पतीला 'विजया' म्हणून ओळखतो. १८३९ साली कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वातावर व बालकाच्या आकडीवर तिचा प्रयोग करून पाहिला. पुढे १८९३-९४ च्या चौकशी आयोगाने सरसकट बंदीचा मार्ग नाकारून नियंत्रणाची शिफारस केली. २०१८ साली अमेरिकेने याच वनस्पतीतील कॅनाबिडिऑल या नशा न आणणाऱ्या द्रव्याला अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांवरील औषध म्हणून मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून वगळले, तेव्हा भारतानेही ठरावाच्या बाजूने मत दिले. जे जगापुढे मान्य केले ते घरात अंमलात आणू नये, हे विचित्र होय!

कायदा आडवा येतो म्हणावे, तर तसेही नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाला वाव ठेवला आहे आणि कलम १० अन्वये लागवड व उत्पादन यांस परवानगी देऊन त्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. उणीव आहे ती इच्छाशक्तीची. याच कायद्यापायी मॉर्फिनचे काय झाले ते आठवावे. अफू पिकविणाऱ्या या देशात परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करोग्यांना वेदनाशामक मिळेनासे झाले, आणि ती चूक दुरुस्त करण्यास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. मधल्या काळात जे कण्हत गेले त्यांची दाद कोणी घ्यावी?

औषधाच्या नावाखाली व्यसन फोफावेल, ही भीती आम्ही खोटी मानीत नाही. विजयेने कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्या भोंदूंचाही आम्ही निषेध करतो. तसा पुरावा नाही, आणि वेदनेवरील तिच्या गुणाबद्दलही संशोधन अद्याप अपुरे आहे. परंतु त्यावर उपाय दार बंद करणे हा नव्हे, दारावर जाणता पहारेकरी नेमणे हा होय. म्हणून राज्य शासनाने स्पष्ट नियम करावेत. प्रमाणित मात्रेचे औषध तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, नोंद ठेवून, शासकीय रुग्णालयांतून परवडणाऱ्या दरात मिळावे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांना संशोधनाची मोकळीक व निधी द्यावा.

शासनाला विचार करण्यास सवड असते. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला ती नसते, याचे भान मंत्रालयाने ठेवावे.