अपघातात पाय वाचवायचा तर पहिले ७२ तास का महत्त्वाचे?

दुचाकी अपघातात नडगी फुटून हाड उघडं पडलं, तर नुसतं प्लास्टर पुरत नाही. उघड्या हाडावर लावलेली पातळ कातडी धरत नाही, कारण तिला खालून रक्त मिळत नाही. म्हणून प्लास्टिक सर्जन ‘फ्लॅप’ करतात. म्हणजे कातडी किंवा स्नायू रक्तवाहिनीसकट जखमेवर बसवतात.

हे कधी करायचं? ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोडिना यांचा ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ तासांत फ्लॅप झालेल्यांमध्ये संसर्ग सर्वात कमी होता.

मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण अपघातापासून फक्त ७ दिवस. चुकीच्या दवाखान्यात आठवडा गेला, तर मुदत संपते आणि जखमही चिघळते.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: इथे प्लास्टिक सर्जन आहेत का?