थडगे साहेबाच्या बायकोला, आणि आम्हाला?

हर्णेच्या उत्तरेला, सावित्री समुद्राला मिळते तिथे बाणकोट आहे. तिथले एक जुने थडगे लोक मुद्दाम पाहायला जातात. आर्थर मॅलेट या गोऱ्या अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी तिथे होडी उलटून बुडाल्या. महाबळेश्वरचा ‘आर्थर सीट’ याच साहेबाच्या नावाचा. त्याचे दुःख खरेच होते, वाद त्याबद्दल नाही. पण जुनी थडगी, कबरस्ताने म्हणजे गावाचा इतिहास, ती राखा, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा विचारावेच लागते : ज्यांना थडगेच मिळाले नाही त्यांचा इतिहास कुठे राखायचा?

हर्णे बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो तेव्हा जाऊन बघा. मासळी निवडणे, सुकवणे, पाटी डोक्यावर घेऊन विकणे, सगळीकडे बायका. समोर सुवर्णदुर्ग, त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी पोराटोरांना पाठ. मात्र बोटीवरचा खलाशी परत आला नाही, देहही सापडला नाही, तर त्याला ना चिता ना कबर. आणि बायकोला दाखला नाही. ७ वर्षे खबर नसेल तर कायदा माणसाला मेला असे धरतो. त्याआधी तो मेला हे तिनेच सिद्ध करायचे! १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. तोवर विमा अडतो, बँकेतले पैसे अडतात, पोरांची पोटे मात्र थांबत नाहीत.

गंमत पाहा. कचेरीला पुरावा हवा, पण कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला भावकीला कसलाच पुरावा लागत नाही. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढले. चांगलेच झाले. पण परिपत्रकाने बांगड्या वाचतील, घर चालणार नाही.

७ वर्षे ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २०२१ मध्ये चमोलीच्या पुरात बेपत्ता झालेल्यांसाठी चौकशी करून, हरकती मागवून लवकर दाखले देण्याची वाट काढली गेली. हिमालयात जमले ते कोकणात का जमू नये? ‘उद्या तो परत आला तर?’ असे विचारणाऱ्यांनी सांगावे, तो आल्यावर दाखला रद्द करायला कोणाची हरकत असेल? तिची तर नक्कीच नसेल.

तेव्हा सोबतच्या खलाशांचे जबाब आणि बंदरातली नोंद एवढ्यावर काही महिन्यांत दाखला द्या. चौकशीत बायकोला बसवा, नुसत्या दिराला नको. आणि बंदरावर एक दगड उभारा, त्यावर न परतलेल्यांची नावे कोरा. कोणाची कोरायची ते त्यांच्या बायकांना विचारा.