मग मोठ्यांसाठी कधी लिहिणार?

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या सद्‌गृहस्थांनी विचारले, "आपण काय करता?"

"लहान मुलांची चित्रपुस्तके लिहितो. चित्रेही मीच काढतो."

त्यांनी जिलबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवला आणि प्रेमळपणे म्हणाले, "वा, वा! मग मोठ्यांसाठी कधी लिहिणार?"

वीस वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे. बालरोगतज्ज्ञाला मात्र, 'मोठी माणसे कधी तपासणार?' असे कुणी विचारीत नाही. त्याची फी आपण मुकाट्याने देतो. पोराच्या पोटाची आपल्याला काळजी. त्याच्या डोळ्यांना आणि मनाला काहीही चालते!

चित्रपुस्तक म्हणजे आधी गोष्ट लिहायची आणि मग रिकाम्या जागी ससे-हत्ती चिकटवायचे, असा एक भ्रम आहे. छापखान्याच्या हिशेबाने सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे बत्तीस पाने. त्यांतच सगळे जग बसवायचे. शब्दांनी म्हणावे, 'आमची मनी फार शहाणी', आणि चित्रात मनीचे तोंड दुधाच्या पातेल्यात असावे! अक्षर न ओळखणारे पोरही मग आजोबांना थांबवून सांगते, "आजोबा, हे खोटं आहे!" त्या क्षणी ते वाचक होते.

ज्यांनी हे काम केले त्यांनी ते फावल्या वेळचे मानले नाही. बीट्रिक्स पॉटरने एका आजारी मुलाला 1893 साली सचित्र पत्र लिहिले. त्यातून झालेले सशाचे पुस्तक प्रकाशकांनी परत केले, तेव्हा बाईने 1901 साली पदरच्या पैशाने अडीचशे प्रती छापल्या. पुढल्याच वर्षी प्रकाशक मिळाला. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय यांच्या पुस्तकातली चित्रे छपाईत बिघडली, तर त्यांनी विलायतेहून यंत्रसामग्री मागवली, ब्लॉक करण्याचे तंत्र स्वतः आत्मसात केले आणि 1913 साली मुलांसाठी 'संदेश' मासिक काढले. आपल्या मराठीत माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रेही रेखाटतात. त्यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तके घरात असतील, तर मी काय म्हणतो ते तुमच्या मुलांना विचारा.

माझ्या पहिल्या पुस्तकात एक मुलगी रुसून खाटेखाली जाऊन बसते आणि मनाला येईल तेव्हा बाहेर येते. प्रकाशक म्हणाले, "गोष्ट बरी आहे, पण तात्पर्य कुठाय?" आणि मला न विचारता शेवटच्या पानावर 'म्हणून मुलांनो, हट्ट करू नये' हे वाक्य छापून मोकळे झाले. माझी पुतणी ते पान आले की पुस्तक मिटून टाकी. इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

पण सारा दोष प्रकाशकाच्याच माथी का मारावा? ग्रंथप्रदर्शनात एक आई माझे पुस्तक उभ्याउभ्या चाळतात आणि म्हणतात, "पाच मिनिटांत संपलं की! एवढे पैसे कशाचे?" बाई, तुमचे पाच मिनिटांत संपले. तुमचा मुलगा तेच पुस्तक शंभरदा मागणार आहे, आणि शंभराव्या वेळी त्याला खिडकीतला सरडा दिसणार आहे. तो सरडा मी त्या शंभराव्या वेळेसाठीच काढला होता! भुईचक्र अर्ध्या मिनिटात विझते, त्याची किंमत आपण दरवर्षी हौसेने मोजतो.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो: मानधनाच्या आशेने येऊ नका, आणि 'मोठे' होण्याची पहिली पायरी म्हणून तर मुळीच येऊ नका. जमिनीवर बसून जगाकडे पाहता येत असेल, तरच या. टेबलाची खालची बाजू ज्याला आठवते, त्याचेच हे काम.

आणि वाचकहो, हा अंक वाचताना शेजारी कुणी लहानगे 'आता मला वाच' म्हणून ताटकळले असेल, तर माझा लेख इथेच सोडा. राग येणार नाही.

राहता राहिले पंगतीतले ते सद्‌गृहस्थ. त्यांना मी म्हणालो, "मोठ्यांसाठीही लिहीन की! ते चित्रे वाचायला शिकले म्हणजे."