कुलूप नसलेली खोली

कीथ रनिअरी आणि त्याच्या ‘नेक्सियम’ या आत्मविकासाची शिबिरं घेणाऱ्या संस्थेची हकीकत ऐकली की बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: शिकल्यासवरलेल्या बायका असल्या माणसाच्या नादी लागल्याच कशा? निकाल या प्रश्नातच लागलेला असतो. फसणारी भोळी, नाहीतर दुबळी. हे साफ चूक आहे, आणि क्रूरही.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळ 1998 साली सुरू झालेल्या या उद्योगात अभिनेत्री होत्या, उद्योजक होते, सीग्रॅम मद्यसाम्राज्याची वारसदार क्लेअर ब्रॉन्फमन होती. या माणसांना स्वतःला सुधारायची मनापासून ओढ होती, आणि रनिअरीने नेमकी तीच हेरली. तो स्वतःला ‘व्हॅनगार्ड’ म्हणवून घेई, असामान्य बुद्धिमत्तेची टिमकी वाजवी. त्याच्या शिबिरांत माणसं मनातली भीती, जुन्या जखमा उघड करत. कुणाला शंका आली, तर ती त्या शिष्याचीच उणीव ठरे. आत्मपूजक माणसाची सत्ता इथेच पक्की होते: समोरचा जितका प्रामाणिक, तितका तो स्वतःलाच दोषी धरत जातो.

‘मोहिनी घातली’ म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग बारकाईने पाहावा. नेक्सियममधल्या स्त्रियांच्या गुप्त गटात शिरताना तारण द्यावं लागे: नग्न छायाचित्रं, घरच्यांची अब्रू जाईल असे लेखी जबाब. एकदा देऊन भागत नसे. मग कमरेखाली डागणी. खूण सृष्टीतल्या मूलतत्त्वांची, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ती रनिअरीची आद्याक्षरं होती. यात मोहिनी कसली? ही पायरीपायरीने आवळलेली पकड होती.

‘मग निघून का गेल्या नाहीत?’

नेक्सियममधल्या एका मेक्सिकन तरुणीला जवळपास दोन वर्षं एका खोलीत राहावं लागलं. तिचा अपराध एवढाच की तिला दुसरा पुरुष आवडला होता. दाराला कुलूप नव्हतं. पण घरची माणसंही रनिअरीच्याच कह्यात होती, आणि बाहेर पडलीस तर कागदपत्रांशिवाय मेक्सिकोत धाडू, ही धमकी होती. शेवटी ती बाहेर पडली, तेव्हा धमकी खरीही केली गेली. अशा दाराला कुलूप लागतं कशाला?

2019 साली ब्रुकलिनच्या न्यायालयात तिने हे सगळं सांगितलं. जे झालं ते संमतीने झालं, असा बचाव मांडला गेला. ज्युरीने तो फेटाळून रनिअरीला सर्व आरोपांत दोषी ठरवलं. पुढच्या वर्षी त्याला 120 वर्षांची शिक्षा झाली.