खताची बादली आणि शेजारचे काका



गेल्या श्रावणात आमच्या इच्छापोरच्या बाल्कनीत मी खताची पहिली बादली ठेवली आणि पंधराव्या दिवशी शेजारच्या काकांनी बेल वाजवली. वास त्यांच्या घरात जात होता. पण खरी तक्रार वासाची नव्हती. "बेटा, उंदर आवशे," ते म्हणाले.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून गेले. काकाही बायको-मुलांना घेऊन निघाले होते. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले आणि शहराचं रूप पालटलं, ते आपण ऐकून आहोत. काकांनी ते पाहिलंय. त्यांच्याशी वाद काय घालणार? बादली त्याच दिवशी उपसली. आत काळा चिखल होता.

चूक माझीच. नुसती सालं, भाजीचे देठ टाकायचे आणि घट्ट झाकण लावायचं. हवा मिळाली नाही की सालं कुजत नाहीत, सडतात. वर मी बाजारातलं कल्चर ओतत होतो, म्हणजे एरर न वाचताच कोड बदलत बसण्यासारखं! जिवाणूंना नायट्रोजनच्या साधारण तीसपट कर्ब लागतो. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कर्ब मात्र सुक्यात: वाळली पानं, पुठ्ठा, नारळाच्या शेंड्या. म्हणून एक वाटी ओलं तर दोन वाट्या सुकं, हे माप धरा.

फ्लॅटमध्ये सुकं आणायचं कुठून? उत्तर नाक्यावर मिळालं. होळीच्या सुमारास रसाच्या गाड्या लागल्या. दक्षिण गुजरात उसाचाच मुलूख, चिपाडांना तोटा नाही. प्रयोग परिवारवाले गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर गच्चीवरच्या बागेत चिपाडंच वापरायला सांगत. फक्त ती दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर गोडीला मुंग्या लागतात. मग बोटभर लांबीचे तुकडे करा.

दुसरी बादली अशी लावली. रंगाची वीस लिटरची जुनी बादली, बुडाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं, खाली ताटली. तळाला शेंड्या, त्यावर मूठभर जुनं खत विरजण म्हणून. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि लगेच सुक्याने पूर्ण झाकायचा. तीन-चार दिवसांनी काठीने खालवर करायचं. मूठ दाबून पाहा: पाणी गळलं तर सुकं वाढवा, भुगा मोकळाच राहिला तर पाणी शिंपडा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कचराच खातात.

उंदरांसाठी दोनच नियम, पण घरात सगळ्यांनी पाळायचे. पोळी, भात, मासळी, तेलकट काही बादलीत जाणार नाही. आणि वर बारीक लोखंडी जाळी, तिच्यावर दगड. सासूबाईंना उरलेला भात टाकवत नाही, त्यामुळे पहिला नियम पाळायला आमच्याकडे आठवडा गेला.

भरलेली बादली बाजूला ठेवून अडीच महिने झाले. सालं ओळखू येईनात. चिपाडाच्या काही काड्या राहिल्या, त्या चाळून पुढच्या बादलीत टाकल्या. काकांना बोलावलं. त्यांनी मूठभर खत नाकाशी नेलं. "माटी जेवुं छे," म्हणाले आणि तुळशीसाठी डबाभर घेऊन गेले.

जाळीवर दगड आहे ना, हे मात्र ते अजून दर रविवारी येऊन बघतात.