दसऱ्याच्या आत आमच्या खतावण्या मोकळ्या करा

बसवकल्याण-हुमनाबाद पट्ट्यात बिलाचे सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आणि तिचे डीलर यांना राजेश्वरच्या दुकानदारांचा हा अखेरचा जाहीर इशारा.

किराणा, खत-बियाणे, आडत, सगळ्यांचा हिशेब तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. गिऱ्हाईकाची उधारी, शेतकऱ्याची पट्टी, त्याने पेरणीला घेतलेली उचल, हमाली, तोलाई. दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यायचे म्हटले की हा आमचाच हिशेब तुम्ही अडवता. बॅकअप देता, पण तो फक्त तुमच्याकडेच उघडतो. लायसन्स संपले की जुने बिलसुद्धा दिसत नाही. वर डीलर बजावतो, ‘दुसरं बसवलंत तर आमचा माणूस येणार नाही.’ ही दमदाटी आहे.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्या नाही दाखवल्या तर नोटीस दुकानदाराला येते, तुम्हाला नाही. उचलीचा आकडा हरवला तर शेतकऱ्याशी भांडणही आमचेच.

मुंबईत काय झाले ते आठवा. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने चलन वायदे व्यवहारांसाठी ‘ओडिन’ सॉफ्टवेअरला जोडणीचा कोड नाकारला आणि स्वतःचे ‘नाऊ’ पुढे केले. यासह इतर कारणांवरून स्पर्धा आयोगाने जून २०११ मध्ये ५५.५० कोटी रुपये दंड ठोठावला आणि कोणते सॉफ्टवेअर वापरायचे ते दलालांनाच ठरवू द्या, असा आदेश दिला. २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणानेही तो निर्णय उचलून धरला. एवढ्या मोठ्या बाजाराला जे चालले नाही, ते तुम्हाला कसे चालेल?

स्पर्धा कायद्याच्या कलम १९ खाली आमच्यासारखा कोणीही आयोगाकडे जाऊ शकतो. बाजारात तुमचे वर्चस्व आहे की नाही, ते आयोग तपासेल. गैरवापर ठरला तर दंड सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जातो. २०२३ च्या दुरुस्तीने तक्रारीला तीन वर्षांची मुदत घातली आहे, त्यामुळे आता आम्ही वाट पाहणार नाही.

सोयाबीनची आवक वाढली की दुकान बंद ठेवून भांडता येत नाही, हे तुम्ही ओळखून आहात. म्हणून मुदत दसऱ्यापर्यंतच. प्रत्येक दुकानाचा पूर्ण हिशेब एक्सेलमध्ये, फुकट द्या. लायसन्स संपले तरी जुनी बिले वाचता आली पाहिजेत. दुसरे सॉफ्टवेअर घेतले म्हणून सेवा तोडायची नाही.

दुकानदारांनो, डीलरचे मेसेज पुसू नका, पावत्या जपा, खतावणी आजच छापून ठेवा. दसरा उलटताच हे सगळे कागद तक्रारीला जोडून आम्ही दिल्लीला पाठवणार आहोत.