जखमेला शिफारस लागत नाही

अमेरिकी सैन्यात 'पर्पल हार्ट' नावाचं एक पदक आहे. जांभळ्या हृदयावर जॉर्ज वॉशिंग्टनची सोनेरी प्रतिमा. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्या सैनिकाला ते मिळतं, मारला गेला तर घरच्यांच्या हाती दिलं जातं. मला त्यातला नियम आवडतो. शौर्यपदकासाठी कुणीतरी शिफारस करावी लागते, कागद वर जातात, धाडस किती मोठं हे वरचे लोक ठरवतात. पर्पल हार्टला शिफारस नसते. जखम शत्रूच्या हल्ल्यातली आहे आणि तिच्यावर डॉक्टरी उपचार लागले, एवढं ठरलं की पदकावर सैनिकाचा हक्क. त्याचं देशावर किती प्रेम होतं, हे कुणी विचारत नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. मला हे प्रोग्राममधल्या 'इफ'सारखं वाटतं. अट पुरी झाली की पुढची ओळ चालते.

हा नियम डोक्यात ठेवून कॉलिन पॉवेल यांची एक मुलाखत पाहा. पॉवेल म्हणजे अमेरिकेचे माजी सेनाप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री. १९ ऑक्टोबर २००८ रोजी टीव्हीवर विषय निघाला, ओबामा मुसलमान असल्याच्या अफवेचा. पॉवेल म्हणाले, ते ख्रिश्चन आहेत हे खरं, पण योग्य उत्तर हे की असते मुसलमान, तर काय बिघडलं? उत्तर इथेच पूर्ण झालं होतं. पण ते पुढे एका फोटोबद्दल बोलले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक आई मुलाच्या कबरीच्या दगडावर डोकं टेकून बसली आहे. दगडावर ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही पदकं कोरलेली, वर चंद्रकोर आणि तारा. इराकमध्ये मारला गेलेला करीम खान, वय वर्षं २०. पॉवेल यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. तरीही बरोबर उत्तराला एका कबरीचा जामीन द्यावा लागला, हे मला खुपतं.

२०१६ मध्ये पुन्हा तेच. पाकिस्तानी आईवडिलांचा मुलगा कॅप्टन हुमायून खान ८ जून २००४ रोजी इराकमधल्या बकुबा इथे मारला गेला. छावणीच्या फाटकाकडे येणाऱ्या संशयित गाडीला थांबवायला सहकाऱ्यांना मागे ठेवून तो स्वतः पुढे गेला होता. मरणोत्तर त्यालाही हीच दोन पदकं मिळाली. ट्रम्प मुसलमानांच्या प्रवेशबंदीची भाषा करत होते, तेव्हा हुमायूनचे वडील खिज्र खान पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले आणि त्यांनी खिशातून राज्यघटनेची छोटी प्रत काढून दाखवली. लोकांना मुलाचं बलिदान लक्षात राहिलं. माझ्या लेखी त्या भाषणात घटनेची ती प्रत जास्त महत्त्वाची होती.

आता तिसरं नाव, जे आपल्यापैकी कुणी फॉरवर्ड करत नाही. मेजर निदाल हसन, अमेरिकी लष्करातला मानसोपचारतज्ज्ञ. ५ नोव्हेंबर २००९ रोजी त्याने टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर आपल्याच लोकांवर गोळीबार केला. तेरा जण गेले. तिथल्या जखमींना आणि मृतांना पर्पल हार्ट मिळायला २०१५ उजाडलं, कारण हा 'शत्रूचा हल्ला' मानायला संरक्षण खातं तयार नव्हतं. शेवटी कायदा बदलावा लागला.

हसनही मुसलमान, त्याच गणवेशातला. हुमायूनचं पदक जर आपल्या सगळ्यांच्या चारित्र्याचा दाखला असेल, तर हसनच्या गोळ्याही आपल्याच खात्यावर पडतात. जमा आपली आणि नावे दुसऱ्याची, असा हिशेब कुठलाच सावकार मान्य करणार नाही.

आपल्याकडे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर हेच चालतं. ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद, खाली एक ओळ: 'बघा, आम्हीही लढलो'. ज्याच्या सात पिढ्यांत फौजी नाही, जो मालेगावात माग चालवतो किंवा भिवंडीत हमाली करतो, त्याने कुणाचं नाव सांगायचं? आणि का सांगायचं?

समोरचा विचारतोच, मग गप्प बसायचं का, असं मित्र म्हणतात. गप्प कशाला? घटनेचं पाचवं कलम वाचून दाखवा. घटना लागू झाली तेव्हा नागरिक कोण, हे ठरवताना तिथे अटी आहेत कायम वास्तव्याच्या, जन्माच्या, आईवडिलांच्या जन्माच्या. धर्म नाही. शौर्यही नाही. (२०१९ च्या कायद्याने शेजारी देशांतून आलेल्यांसाठी धर्म मध्ये आणला, ते भांडण वेगळं आणि तेही लढायचंच आहे.) इथेही शिफारस नाही, हक्क आहे.

अब्दुल हमीद यांचा फोटो जरूर लावा. जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडणारा माणूस कुणालाही आठवावा असाच आहे. खाली लिहा: चौथी ग्रेनेडियर्स, असल उत्तर, १० सप्टेंबर १९६५. फक्त ते 'आम्हीही' तेवढं काढून टाका.